मुका बाजार

हॅविल खाडीवर अँब्रोज टलीला मान होता, तो काही त्याच्या पिंपांमुळे नव्हे. पिंपं तो उत्तम बांधायचा, पण चांगल्या पिंपाचं कौतुक कोण करतं? पिंप फुटलं की बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो; न फुटणारं पिंप कुणाच्या लक्षातही येत नाही. अँब्रोजला मान होता तो बाजारामुळे. हा बाजार त्याने सुरू केला होता, आणि तोही चुकून.

इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर वसवलेली ही वस्ती. उन्हाळाभर कॉड मासा धरायचा, चिरायचा, मिठात घालायचा, मांडवांवर वाळवायचा आणि जहाजात भरून द्यायचा. हिवाळाभर वाटाण्याची पेज पीत पुढच्या उन्हाळ्याची वाट बघायची. वस्तीला दुसरं वर्ष लागलं तेव्हा अँब्रोज खाडीपलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर वाहून आलेलं लाकूड आणायला गेला आणि आपली सुरी तिथेच विसरला. दुसऱ्या दिवशी शोधायला गेला तर सुरी नाही. ज्या ओंडक्यावर ती ठेवली होती त्यावर पाणमांजराचं एक कातडं होतं, नीट घडी केलेलं.

दुसरा कुणी असता तर कातडं काखेत मारून गप्प घरी आला असता. अँब्रोजचा स्वभाव पडला विचित्र. एका जुन्या सुरीला एवढं कातडं म्हणजे जास्तच झालं, असं त्याला वाटलं, आणि त्याने ओंडक्यावर एक सुई आणि दोऱ्याची गुंडी नेऊन ठेवली. "सुट्टे परत केले," असं तो नंतर सांगायचा आणि सगळे हसायचे. बाजार सुरू झाला तो तिथून.

पुढे त्याची रीत पडली. त्या बाजूची माणसं अंगाला, केसांना, होड्यांनासुद्धा गेरू फासायची, म्हणून वस्तीत त्यांना गेरूवाले म्हणत. खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. हे गेरूवाले वाळूच्या पट्ट्यावर पुरलेल्या खांबाला कातडी लटकवायचे आणि रानात निघून जायचे. मग अँब्रोज होडीने जायचा, प्रत्येक कातड्याखाली आपला माल मांडायचा आणि परत फिरायचा. दुसऱ्या दिवशी माल गेलेला असला म्हणजे सौदा पटला, कातडी आपली. माल जागच्या जागी असला म्हणजे भाव पटला नाही. आणखी काही घाला, नाही तर आपला माल उचला आणि आमची कातडी आम्हाला राहू द्या. एक शब्द नाही, समोरासमोर येणं नाही. या बाजारात कधी कुणी कुणाची आई काढली नाही, एवढ्या एका गोष्टीवरून तो ब्रिस्टलच्या बाजारापेक्षा बरा म्हणायचा. झाडीतून ते बघत असतात हे अँब्रोजला ठाऊक होतं. एकदा ओल्या वाळूत तो सपशेल आडवा झाला, तेव्हा एका लहान मुलाचं खिदळणं आणि पाठोपाठ मोठ्या माणसाचं दटावणं त्याने स्पष्ट ऐकलं होतं. त्यालाही हसू आलं होतं.

"तुझं गिऱ्हाईक बाकी झकास आहे रे," पॅस्को म्हणायचा. हा पॅस्को म्हणजे सापळे लावून जनावरं धरणारा कॉर्नवॉलचा गडी, अँब्रोजचा मित्र. "बोलत नाही, उधार मागत नाही. अशी बायको कुठे मिळाली तर कळव मला."

"बायको बोलते म्हणून तर तुझ्यासारखे दारातून परत जातात," अँब्रोजची बायको विल्मट तिथल्या तिथे हिशेब चुकता करायची. ती आदल्याच उन्हाळ्यात इतर बायकांबरोबर जहाजाने आली होती, आणि जिभेची धार समुद्राच्या हवेने जराही गंजली नव्हती.

एकदा ताज्या कातड्यांमध्ये बीव्हर या पाणजनावराच्या कातड्याचा एक वापरलेला अंगरखा लटकलेला आला. हिवाळेच्या हिवाळे कुणीतरी अंगावर घालून केसांची लांब राठ टोकं झिजवली होती आणि आतली मऊ लोकर तेवढी उरली होती. वस्तीचे कारभारी लॉरेन्स व्हिडन यांनी त्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळेच बदलले. "अरे, लोकरीच्या टोप्या बनवणाऱ्यांचं निम्मं काम यांनी अंगावर घालूनच करून ठेवलंय! असलेच आण मला. ताजी कातडी राहू देत."

आता हे खांबाला कसं सांगायचं? अँब्रोजने सांगितलं. ताज्या कातड्याखाली त्याने एक सुई ठेवली आणि अंगरख्याखाली अख्खं तांब्याचं पातेलं. वर आपलं जुनं करडं कांबळंही टाकलं. गेरूवाल्यांनी कांबळं आधी उचललं, हे त्याला पाऊलखुणांवरून कळलं. सुई दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच होती. अशा रीतीने दोघांनी एकमेकांना नेमकं काय हवं ते सांगून टाकलं. हाव आणि थंडी या दोन गोष्टींना भाषा लागत नाही.

त्या वर्षी विल्मटला दिवस गेले. वस्तीतली सगळी माणसं एकाच मोठ्या घरात राहत. मधोमध चूल, धूर छपराला असलेल्या भोकाच्या मर्जीने बाहेर जाणार, आणि नवराबायको आणि बाकीचे यांच्या मध्ये एक फाटका पडदा. गेल्या हिवाळ्यात सुताराच्या बायकोचं मूल त्या धुरात महिनाभरही टिकलं नव्हतं. विल्मट ते मूल धुऊन गुंडाळणाऱ्या बायकांपैकी होती. त्याबद्दल ती कधी बोलत नसे, आणि विल्मट एखाद्या गोष्टीबद्दल बोलत नाही म्हणजे ती गोष्ट किती खोल गेली असेल ते अँब्रोजला कळत होतं.

शरद आला तेव्हा व्हिडननी त्याला बाजूला घेतलं. "जहाज निघण्याआधी तुझ्या बाजाराचा माल नीट भरून दे. पूर्वेच्या उतारावर घर बांधायला घेतलंय ना, ते तुझं. धुराडं आहे त्याला, दगडी."

"नक्की, कारभारी?"

"मी काय थापा मारतो काय? पण माल हवा. रिकामं जहाज गेलं तर ब्रिस्टलवाले मलाच परत बोलावतील, मग कुठलं घर आणि काय!"

आणि माल आला. असा माल त्या खांबाने कधी पाहिला नव्हता. दोन-तीन अंगरखे येतील या हिशेबाने अँब्रोज गेला, तर अंगरख्यांच्या भाराने खांब वाकला होता; उरलेले शेजारच्या झुडपांवर पसरले होते. सगळे वापरलेले, सगळे अंगावरचे. थंडी तोंडावर आली असताना एक अख्खा तांडा उघडा झाला होता, आणि कशाच्या भरवशावर, तर अँब्रोजच्या. त्यात एक अंगरखा लहान मुलाचा होता. एका बाहीला कोपराशी वेगळ्या कातड्याचं ठिगळ, गळ्याशी समुद्रपक्ष्याच्या हाडांचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे ओवलेले. तो हातात घेतल्यावर अँब्रोजला त्या खिदळण्याची आठवण झाली, आणि त्याने तो पटकन परत लटकवला.

त्यांना कांबळी हवी होती. हे कळायला कुणी शहाणा लागत नव्हता.

"कांबळी?" व्हिडन म्हणाले. "वेड लागलंय का तुला? कोठारात आहेत ती आपल्या माणसांना पुरतील कशीबशी. थंडी काय त्यांनाच वाजते? कुऱ्हाडी ने, सुऱ्या ने, मणी ने. आजवर कुऱ्हाडीला नाही म्हणाले का कधी?"

अँब्रोजने कुऱ्हाडी नेल्या. प्रत्येक अंगरख्याखाली एकेक कुऱ्हाड, एकेक सुरी आणि मण्यांची माळ मांडली. मांडताना त्याने एकदाही झाडीकडे मान वर करून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी माल जागच्या जागी होता. आणि मुलाच्या अंगरख्याच्या बाहीला करड्या लोकरीची एक पट्टी बांधलेली होती. अँब्रोजच्याच जुन्या कांबळ्याची, काठावरून फाडलेली. हे हवं, असं त्यांनी सांगितलं होतं. यापेक्षा स्वच्छ भाषेत चर्चमधला पाद्रीही सांगू शकला नसता.

पण त्या दिवशी होडीत अँब्रोज एकटा नव्हता. जहाजाचा कप्तान डॉब स्वतः आला होता, दोन खलाशी घेऊन, कारण वारा फिरला होता आणि त्याला भरतीबरोबर निघायचं होतं.

"चला, भरा," डॉब म्हणाला.

"थांबा जरा," अँब्रोज म्हणाला. "सौदा पटलेला नाही. त्यांनी माल उचललेला नाही, बघा."

"नाही उचललेला, ते दिसतंय मला. म्हणजे त्यांना नकोय."

"नकोय म्हणजे... कांबळी हवीत त्यांना. ही पट्टी बघा ना."

"मी फडक्याशी बोलत नाही." डॉबने आकाशाकडे पाहिलं. "वारा मला विचारून वाहत नाही, टली. आज नाही निघालो तर बर्फात सापडेन. कातडी न घेता गेलो तर तुझा कारभारी तुला काय म्हणेल, ते तुझं तू बघ."

खलाशांनी अंगरखे काढायला सुरुवात केली. अँब्रोजला वाटलं, निदान कुऱ्हाडी तरी राहतील. मग एक खलाशी वाकला आणि कुऱ्हाडीही गोळा करू लागला. "यांची रीतच आहे म्हणे ना, पटलं नाही की ज्याने त्याने आपला माल उचलायचा? मग आपला माल आपण उचलायचा. रीत म्हणजे रीत!" दुसरा खो-खो हसला. मुलाच्या बाहीची करडी पट्टी त्याने सोडली आणि तिनेच गठ्ठा बांधला.

अर्धी रीत पाळून केलेली चोरी सगळ्यात वाईट, कारण आपण चोरी नाही असं सांगायला तिला तोंड असतं. अँब्रोजला एकच वाक्य बोलायचं होतं: कुऱ्हाडी तरी ठेवा. जहाज त्यासाठी थांबलं नसतं, घरही गेलं नसतं. एवढं साधं वाक्य त्याच्या तोंडातून निघालं नाही. विल्मटच्या पोटाचा, त्या दगडी धुराड्याचा, व्हिडनच्या कपाळावरच्या आठीचा विचार करत तो मूग गिळून उभा राहिला, आणि मग चक्क एक गठ्ठा उचलून त्याने खांद्यावर घेतला. तो ऊबदार होता. होडी लोटेपर्यंत झाडीतून कसलाही आवाज आला नाही.

घर मिळालं. वस्तीने त्याला खांद्यावरच घ्यायचं बाकी ठेवलं होतं. सुताराने दाराला बिजागऱ्या बसवून दिल्या, पॅस्कोने चिंध्या कोंबून भिंतींच्या फटी बुजवल्या, आणि बर्फ पडायला लागल्यावर त्या घरात विल्मटला मुलगी झाली. ठणठणीत, गुबगुबीत, घर डोक्यावर घेणारी. तिचं नाव त्यांनी टॉमसिन ठेवलं. बायका बाळाला बघायला येत आणि धुराड्याकडे बघून उसासे टाकत. "नशीब काढलंस विल्मट! नवरा असावा तर असा." विल्मट फुलून जायची आणि अँब्रोज सरपण आणायच्या निमित्ताने बाहेर पडायचा.

बाहेर थंडी अशी की खारवलेला मासा तोडायला कुऱ्हाड लागे. त्या थंडीत तो वाळूच्या पट्ट्याकडे बघत उभा राहायचा. खांब रिकामा होता. शरदात कातड्यांबरोबर कधीमधी हरणाची मांडीही लटकायची, तीही नाही, कातडं नाही, काही नाही. व्हिडन म्हणाले, "आत गेले असतील रानात, हिवाळ्यात जातातच." सगळ्यांनी माना डोलावल्या. अँब्रोजनेही डोलावली.

खाडी गोठल्यावर तो बर्फावरून चालत गेला आणि आपलं कांबळं खांबाला बांधून आला. ते तसंच राहिलं. पुढच्या खेपेला दुसरं. मग घरातलं पातेलं.

"माझं पातेलं कुठाय?" विल्मटने विचारलं.

"खांबावर."

"खांबाला जेवायला घालतोस काय? आणि कांबळं? मी इथे लेकराला माझ्या परकरात गुंडाळतेय, आणि तू लाकडाला पांघरूण घालतोयस?"

"शेजारधर्म असतो. पहिल्यांदा त्यांनीच तर कातडं दिलं होतं."

"आणि तू सुट्टे परत केलेस, ऐकलंय ते शंभरदा. त्यांचं देणं राहिलंय का काही आपल्याकडे?"

"नाही," अँब्रोज म्हणाला. तेवढा एक शब्द बोलताना त्याचे कान तापले. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं तर तिला कळलं असतं, पण ती बाळाकडे बघत होती.

वस्तीत त्याची टिंगल सुरू झाली. 'अँब्रोजची खांबसासू' हा शब्द पॅस्कोनेच काढला; सासरी जावं तसा जावई भेटी घेऊन जातो म्हणून. अँब्रोजला ती टिंगल बरी वाटायची. कुणीतरी आपल्याला काहीतरी म्हणतंय, एवढं तरी.

बर्फ वितळायला लागला, आणि एका सकाळी खांबावर त्याला लांबूनच काहीतरी हलताना दिसलं. तो होडी काढून सपासप वल्हवत निघाला. कांबळी गेली होती, पातेलं गेलं होतं, आणि खांबाला बीव्हरचं एक कातडं लटकत होतं.

तो तिथे वाळूत गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. ते आले होते. ते जिवंत होते, त्यांनी घेतलं होतं आणि उलट दिलंही होतं. सगळा हिवाळा छातीवर बसलेली शिळा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्याला वाटलं. मग त्याने कातडं खाली काढलं, आणि त्याच्या हातांना डोळ्यांच्या आधी कळलं. कातडं गोल होतं. कडेला सारख्या अंतरावर भोकं, गोल कड्याला ताणून शिवलेलं असावं तशी. गेरूवाले कातडं चौकोनी चौकटीवर ताणत. गोल ताणायचा तो पॅस्को, आणि त्याला लागणारी कडी म्हणजे पिंपांची कडी, अँब्रोजच्याच कामाच्या पडवीतून नेलेली.

पॅस्को आपल्या सापळ्यांना चरबी फासत बसला होता. अँब्रोजने कातडं त्याच्या पुढ्यात टाकलं.

"थट्टा आहे ही?"

पॅस्कोने वर बघितलं नाही. "कारभाऱ्यांनी सांगितलं रे. मी म्हटलं होतं, ओळखेल तो. म्हणाले, नाही ओळखणार, त्याला ओळखायचंच नाहीये." तो घुटमळला. "पातेलं आणि कांबळी कोठारात आहेत. विल्मटला सांग."

व्हिडन मांडवांची मोजणी करत होते. अँब्रोज गेला आणि त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं: सौदा पटला नव्हता, करडी पट्टी बांधलेली होती, अंगरखे उचलले, कुऱ्हाडीही उचलल्या, मुलाचा अंगरखा होता त्यात, मी उभा होतो, मी बोललो नाही. बोलून झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला, कानाखाली बसण्याची वाट बघत.

"माहीत आहे मला," व्हिडन म्हणाले.

"काय?"

"डॉबने जहाज निघण्याआधीच सांगितलं. हसत होता. मला काही ते आवडलं नाही, खोटं कशाला बोलू? पण झालं ते झालं." त्यांनी आवाज खाली आणला. "तुला काय वाटलं, एवढं घाईघाईने घर कशाचं दिलं? तू गप्प राहिलास, म्हणून. गप्प राहणारा माणूस सापडत नाही रे. आता जहाज येईल, त्यावर व्यापाऱ्यांचा माणूस आहे, केल्वे नावाचा. त्याला बाजार चालू दिसला पाहिजे. ते कातडं पॅस्को परत टांगेल, तू आपला जात राहा खांबापाशी. एवढंच."

अँब्रोजला वाटत होतं की त्याने चोरी लपवली आहे. लपवलं काहीच नव्हतं. त्याचं गप्प राहणं विकलं गेलं होतं, आणि तो त्या किमतीत झोपत होता, जेवत होता, मुलीला खेळवत होता.

त्याने विल्मटला सगळं सांगितलं. मुलाच्या अंगरख्यापाशी त्याला थांबावं लागलं. तिने मुलीला पाजताना खांद्यावरची शाल घट्ट ओढून घेतली.

"केवढा होता?" तिने विचारलं.

"काय?"

"अंगरखा. केवढ्या पोराचा?"

अँब्रोजने हाताने जमिनीपासून उंची दाखवली. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली.

"केल्वेला सांगणार आहेस तू," ती म्हणाली. विचारलं नव्हतं, ओळखलं होतं. "नको सांगूस. मी पाया पडते तुझ्या. घर जाईल. पोरीला घेऊन मी त्या धुरात परत नाही जाणार, अँब्रोज. सुताराच्या बायकोचं मूल मी या हातांनी धुतलंय." मग ती एकदम चिडली. "मला आधी का नाही सांगितलंस? आधी सांगितलं असतंस तर या घरात पाऊल नसतं ठेवलं मी. आता राहून चुकलेय. आता मला आवडायला लागलंय इथे!" आणि ती रडायला लागली, ते दुःखाने की रागाने हे तिलाही सांगता आलं नसतं.

जहाज आलं. त्या दिवशी विल्मटने काही न बोलता पातेलं, कपडे, पाळण्यातलं अंथरूण असं सगळं एका गाठोड्यात बांधलं आणि मुलीला कडेवर घेऊन किनाऱ्यावर आली. सगळी वस्ती तिथे जमली होती. केल्वे तरुण होता, हातमोजे घालून मासे चाचपत होता.

"आणि हा आमचा टली," व्हिडन म्हणाले. "कातड्यांचा बाजार याचाच."

"अरे वा! चालू आहे ना बाजार?"

"बंद आहे," अँब्रोज म्हणाला. "आम्हीच बंद पाडला. त्यांचे अंगरखे उचलून आणले आणि बदल्यात एक चिंधीही ठेवली नाही. मी होतो तिथे. वर पोराबाळांचे कपडे होते त्यात, थंडीच्या तोंडावर. खांबावर कातडं दिसतंय ते आमचंच आहे, तुम्हाला दाखवायला टांगलेलं."

व्हिडनचा चेहरा पांढराफटक पडला. विल्मटने गाठोड्याची गाठ मुठीत धरली.

केल्वेने मान तिरकी करून ऐकून घेतलं. "हं," तो म्हणाला. "वाईट झालं. पण बीव्हरचा भाव तसाही बसलाय लंडनात, फ्रेंचांनी ढिगांनी आणलाय. आमचं ठरलंय, यापुढे माशाकडेच लक्ष द्यायचं. माशाच्या तेलाला पिंपं लागतील, भरपूर." त्याने अँब्रोजच्या खांद्यावर हातमोजा ठेवला. "तू खरं बोललास हे मला आवडलं. असा माणूस हवाच. व्हिडन, हा मासा ओला आहे का हो जरा?"

दोघं मांडवांकडे निघाले. अँब्रोज त्यांच्या मागे धावला.

"कारभारी! घर... घराचं काय?"

व्हिडननी त्रासून मागे बघितलं. "घराला काय झालं? राहा की!"

माणसं पांगली. कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. सुतार तर म्हणाला, "धाडसाचा आहेस लेका," आणि मिठाची टोपली उचलून कामाला लागला. विल्मटने गाठोडं उचललं आणि उतार चढून घरात गेली. अँब्रोज दारात पोचला तेव्हा तिने गाठ सोडली होती आणि एकेक वस्तू परत जागेवर लावत होती, त्याच्याकडे न बघता. सुटल्याचा आनंद तिच्या पाठीवरसुद्धा दिसत होता, आणि तो दिसू नये म्हणून ती वळत नव्हती.

अँब्रोज उंबऱ्यातच बसला. कुणीतरी त्याला या घरातून हाकलून द्यायला हवं होतं. हाकलण्याचा हक्क ज्यांना होता ती माणसं, त्यातली जी वाचली असतील ती, रानात आत, फार आत निघून गेली होती. आणि जाताना त्यांनी त्याच्या घराच्या दिशेने एक दगडही भिरकावला नव्हता.